क्रेडिट कार्डचं बिल फिटता फिटत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या खरेदीची बिलं हातात पडली की या सदराकडे कार्डांविषयीची पत्रं वाढतात. नागपुरातून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत. पैशांचे हिशेब रुपयांच्या पूर्णांकात दिले आहेत. बँकेगणिक त्यांत थोडा फरक पडेल.

ऑक्टोबरात मुलीसाठी ६०,००० रुपयांचा लॅपटॉप कार्डावर घेतला. बिलात किमान देय रक्कम ३,००० होती, ती वेळेत भरली. पुढच्या बिलात मात्र ६०,००० पेक्षा जास्तच देणं दिसतंय. बँकेची चूक झाली का?
— शिक्षिका, मानेवाडा

ताई, बहुधा चूक नाही. 'किमान देय' भरलं की उशिराचा दंड लागत नाही आणि खातं थकीत धरलं जात नाही. तेवढाच त्याचा उपयोग. व्याज त्यामुळे थांबत नाही.

तुमच्या तारखा पाहू. खरेदी ५ ऑक्टोबरची, बिल निघालं २० ऑक्टोबरला, भरण्याची शेवटची तारीख ८ नोव्हेंबर. ८ तारखेपर्यंत पूर्ण ६०,००० भरले असते तर एक रुपयाही व्याज लागलं नसतं. पूर्ण भरले नाहीत म्हणून बिनव्याजी मुदत रद्द झाली, आणि व्याज धरलं गेलं ते ८ नोव्हेंबरपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून. दर महिना ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. हिशेबाची सगळ्यात सौम्य रीत धरली, म्हणजे फक्त उरलेल्या ५७,००० वर व्याज लावलं, तरी ५ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर या ४६ दिवसांचं ३,०१७ रुपये होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५४३. तुम्ही भरले ३,००० आणि चढले ३,५६०. म्हणून देणं ६०,५६० झालं.

दुसरी गोष्ट यापेक्षाही महागात पडते आणि ती बिलात सहज दिसत नाही. मागची बाकी असेपर्यंत त्या कार्डावरच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा, पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. तेव्हा बाकी शून्य होईपर्यंत हे कार्ड वापरू नका, अगदी शंभर रुपयांसाठीसुद्धा नाही.

आता फेड. ६०,५६० वर जीएसटीसकट महिन्याला सुमारे २,५०० रुपये नुसतं व्याज आहे. दरमहा ३,००० भरत राहिलात तर फिटायला जवळपास ४५ महिने लागतील. ६,००० भरलेत तर १४ महिन्यांच्या आत, १०,००० भरलेत तर सात-आठ महिन्यांत. हप्ता दुप्पट केला की मुदत तिसऱ्या हिश्श्यावर येते, कारण २,५०० च्या वर जे भराल तेच मुद्दल कमी करतं. शिवाय व्याज दिवसावर मोजलं जातं, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. पगार १ तारखेला झाला तर १ तारखेलाच भरा. महिन्यातून दोनदा भरलं तरी चालतं.

शेवटचा हप्ता भरून बाकी शून्य झाली तरी पुढच्या बिलात दोन-तीनशे रुपये व्याज येऊ शकतं. बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. त्याकडे दुर्लक्ष करून लोक पुन्हा थकबाकीत जातात. तेवढं भरून टाका.

तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे, असं काहींनी लिहिलं आहे. २००८ च्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या निकालात तसं म्हटलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्या आशेवर बिल थांबवू नका.

दोन कार्डं आहेत. एकावर १,४०,००० बाकी (महिना ३.५ टक्के), दुसऱ्यावर ५२,००० (३.७५ टक्के). पगार हातात ४१,००० येतो. ७५,००० ची मुदत ठेव आहे, पण ती मोडायला जीव होत नाही. कंपनीतल्या पतसंस्थेचा सभासद आहे. सुरुवात कुठून करू?
— सुपरवायझर, बुटीबोरी एमआयडीसी

ठेव मोडा. ५२,००० वर ठेवीत सात टक्क्यांनी वर्षाला ३,६४० रुपये मिळतात. तेवढ्याच रकमेवर दुसरं कार्ड जीएसटीसकट महिन्याला २,३०० घेतं. म्हणजे ठेवीचं वर्षभराचं व्याज दोन महिन्यांच्या आतच जातं. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण अर्धा ते एक टक्का असतो, या आकड्यांपुढे तो किरकोळ आहे. मोडायचीच नसेल तर त्याच ठेवीवर कर्ज मागा. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं.

त्यातून ५२,००० चं कार्ड एकदम शून्य करा. त्याचा दर जास्त आहे, आणि महिन्याच्या एका बिलाची चिंताही मिटते. उरलेले २३,००० बचत खात्यात राहू द्या, ते दुसऱ्या कार्डावर भरू नका. हाताशी काहीच नसलं की घरात कुणी आजारी पडताच पुन्हा कार्ड बाहेर निघतं. बुडण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते.

आता १,४०,०००. पतसंस्थेचा दर घटत्या शिलकीवर १४ टक्के धरला तर २४ महिन्यांचा हप्ता ६,७२२ रुपये बसतो. एकूण भरणा १,६१,००० च्या आसपास. हेच ६,७२२ तुम्ही कार्डावर दरमहा भरत राहिलात तर फिटायला ४९ महिने लागतात आणि एकूण सव्वातीन लाखांच्या वर जातात. खिशातून दरमहा जाणारी रक्कम तीच, फरक दीड लाखाहून जास्त.

पतसंस्थेत जाताना तीन गोष्टी विचारा. शेअर्सपोटी मंजूर कर्जातून किती कापणार? कापून हातात १,४०,००० पडतील एवढाच अर्ज करा. जामीनदार किती लागतात? आणि व्याज घटत्या शिलकीवर की फ्लॅट? हा तिसरा प्रश्न कोणत्याही कर्जाला विचाराच. १२ टक्के फ्लॅट ऐकायला १४ पेक्षा स्वस्त वाटतं, पण दोन वर्षांच्या मुदतीत त्याचा खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो, कारण मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लावलं जातं.

पतसंस्थेत जमलं नाही तर कार्डवाल्या बँकेलाच बाकीचे मासिक हप्ते करून मागा. दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क, दर महिन्याच्या व्याजावरचा जीएसटी आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारं शुल्क हे तिन्ही आकडे ईमेलवर घ्या, तोंडी नको. सोनं तारणाचा मार्गही चांगला आहे, मात्र बँकेतून. ओळखीच्या सावकाराकडे दागिना ठेवू नका. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि बिनपरवाना व्यवहारात पावतीच मिळत नसल्यामुळे दागिना परत मागायला हातात काही उरत नाही. बँकेतही वर्षाअखेरीस एकरकमी फेडीचं कर्ज न घेता मासिक हप्त्याचं घ्या. एकरकमी जमत नाही आणि लिलावाची नोटीस येते.

एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरण्याचा विचार मनातूनही काढून टाका. रोख काढल्यावर साधारण अडीच टक्के शुल्क लगेच लागतं आणि व्याज त्याच दिवशी सुरू होतं. बिनव्याजी मुदत रोखीला कधीच नसते.

कर्ज घेऊन कार्ड शून्य झालं, मग मर्यादा मोकळी दिसते आणि सणाला पुन्हा खरेदी होते, तेव्हा कर्जाचा हप्ता आणि कार्डाचं बिल दोन्ही मागे लागतात. ज्यांचं गणित इतकं नीट बसलेलं असतं त्यांचंही इथेच मोडतं. म्हणून कार्ड शून्य होईल त्याच दिवशी बँकेला लिहून मर्यादा २०-२५ हजारांवर आणा, बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा, आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका.

नोकरी गेल्यापासून सहा महिने भरणा बंद आहे. ८५,००० बाकी आहे. वसुलीवाले साळ्याला फोन करून राहिले, पोलीस घेऊन येतो म्हणतात. एक जण म्हणतो, ४०,००० माझ्या नंबरवर पाठवा, प्रकरण मिटवतो. काय करावं?
— वाचक, नंदनवन

आधी हे : त्याच्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. ते पैसे तुमच्या कार्ड खात्यात जमा होतील याची कसलीही खात्री नाही.

निव्वळ कार्डाची बाकी थकली म्हणून अटक होत नाही. हा दिवाणी मामला आहे. बँक फार तर वसुलीचा दावा लावेल. फौजदारी बाजू येते ती चेक परत गेला तर, परक्राम्य लेख कायद्याच्या कलम १३८ खाली. आपोआप कपात होणाऱ्या हप्त्याचा आदेश शिल्लक नसल्याने परत गेला तरी तशीच तरतूद आहे. म्हणून दबावाखाली पुढच्या तारखांचे चेक सही करून देऊ नका. 'पोलीस येणार' हे खोटं, पण दिलेला चेक वटला नाही तर ते खरं होऊ शकतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास हे सगळं निषिद्ध आहे. घरी आलेल्या माणसाकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं; ते नसेल तर दारातूनच परत पाठवा. आलेल्या प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा. साळ्यालाही त्याच्या फोनवरचे संदेश न पुसता ठेवायला सांगा.

मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात दोन भाग ठेवा. पहिल्यात छळाची तक्रार, तारखांसकट. दुसऱ्यात तुमची परिस्थिती : नोकरी कधी गेली, सध्या महिन्याला किती भरू शकता. आकडा खरा द्या, दीड हजार तर दीड हजार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत हेलपाटे मारायची गरज नाही. 'सीएमएस' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, शुल्क नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे तक्रार केल्याशिवाय लोकपाल ती घेत नाही, म्हणून तो ईमेल महत्त्वाचा.

तडजोड करायचीच असेल तर बँकेशी करा, आणि या क्रमाने. बँकेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेलं पत्र आधी हातात घ्या. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, भरायची रक्कम, शेवटची तारीख आणि उरलेली बाकी मागणार नाही हे वाक्य असलं पाहिजे. पैसे थेट कार्ड खात्यात भरा. पावती आणि पत्र एकत्र जोडून 'नो ड्यूज' दाखला मागा, आणि तो आल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका.

त्याची किंमतही माहीत असावी. तडजोडीनंतर क्रेडिट अहवालात खातं 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढे घरकर्ज मागताना हा शेरा आडवा येतो. म्हणून नवीन नोकरीची शक्यता जवळ असेल तर माफीपेक्षा पूर्ण मुद्दल हप्त्यांनी फेडण्याची मुदत मागितलेली बरी. आज तडजोडच परवडत असेल तर ती करा. पुढे हात मोकळा झाल्यावर सोडलेली रक्कम भरून शेरा बदलून घेण्याबद्दल बँकेशी बोलता येतं.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. तिथे जबरदस्तीचा निकाल लागत नाही, दोघांची संमती झाली तरच समझोता होतो. मात्र सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयातून समन्स आलं तर गैरहजर राहू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदतीचा अर्ज करा.

ओळखीचा दुकानदार कार्ड स्वाइप करून लगेच रोख देतो, फक्त २ टक्के कापतो. दर महिन्याला एक लाख असे फिरवतो, बिल वेळेवर भरतो. कार्डाच्या ४२ टक्क्यांपेक्षा हे स्वस्तच नाही का?
— कापड व्यापारी, गांधीबाग

दर महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४,००० रुपये, आणि वर्षाअखेर एक लाखाचं मुद्दल तसंच्या तसं उभं. हे कर्जच आहे, फक्त फेड नसलेलं.

धोका त्याहून मोठा आहे. खरेदी न करता खरेदी झाल्याचं दाखवणं हा बँकेच्या अटींचा भंग आहे. त्याच दुकानात, दर महिन्याला, गोल रकमेचे व्यवहार बँकेच्या यंत्रणेला लगेच दिसतात. कार्ड अचानक बंद होतं, आणि त्या महिन्याचा एक लाख एकदम भरायची वेळ येते, कारण पुढचा स्वाइप मिळतच नाही. दुकानदाराचं मशीन काढून घेतलं तरी तेच. तिसरं म्हणजे एखाद्या व्यक्तीने वर्षभरात १० लाख किंवा जास्त कार्ड बिल भरलं तर बँक ते आयकर विभागाला कळवते. दरमहा एक लाख म्हणजे १२ लाख. विवरणपत्रातलं उत्पन्न त्याला साजेसं नसेल तर विचारणा होणार.

धंद्याला खेळतं भांडवल हवं असेल तर उद्यम नोंदणी, वर्षभराचं बँक विवरण आणि असल्यास जीएसटीची विवरणपत्रं घेऊन बँकेत मुद्रा कर्ज मागा. ५०,००० च्या वर ५ लाखांपर्यंत 'किशोर' गटात मिळतं, तारण लागत नाही. सध्याचा एक लाख एकदम थांबवता येणार नाही हे समजतं. दर महिन्याला १०-१५ हजारांनी स्वाइप कमी करत आणा.

मिहानमध्ये पहिलीच नोकरी आहे, पहिलं कार्ड मिळालं. काय पाळू?
— वाचक, मनीषनगर

आपोआप भरण्याची सोय लगेच सुरू करा, पण तिथे 'एकूण देय' निवडा. काही ॲपमध्ये 'किमान देय' आधीच निवडलेलं असतं. पगाराची तारीख आणि बिलाची शेवटची तारीख जुळत नसेल तर बँकेकडून बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मिळतं, तो तुमचा हक्क आहे. बिल पगारानंतर चार-पाच दिवसांत भरायचं येईल असं करून घ्या. भरायला उशीर झाला तर तीन दिवसांपर्यंत दंड लावता येत नाही, मात्र व्याज लागतं, म्हणून त्या तीन दिवसांवर विसंबू नका.

मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवा. ५०,००० मर्यादा असेल तर १५,०००. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर चहा-पोह्यांपासून सगळं कार्डावर जातं आणि महिनाअखेर आकडा धक्का देतो. रोजच्या किरकोळ खर्चाला बचत खातंच जोडलेलं ठेवा.

कार्ड दोन वर्षांपूर्वी बंद केलं, दाखला आहे, तरी सिबिल अहवालात ४,००० थकबाकी दिसते. घरकर्ज अडलं आहे.
— वाचक, त्रिमूर्तीनगर

दाखल्याची प्रत जोडून सिबिलच्या संकेतस्थळावर वाद नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही ईमेल करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. सिबिलसारख्याच क्रेडिट अहवाल देणाऱ्या एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कंपन्यांचे अहवालही पाहा. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक बँकेने कळवलेली असेल तर ती चारही ठिकाणी असते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने क्रेडिट स्कोअर कमी होत नाही. घरकर्जाच्या बँकेला दाखला आणि तक्रारीचा क्रमांक देऊन ठेवा, फाइल नामंजूर होण्याऐवजी थांबवून ठेवता येते.

कार्ड बंद करा म्हणून दोनदा फोन केला. दरवेळी नवीन ऑफर सांगतात, बंद करत नाहीत.
— वाचक, धरमपेठ

फोन नको, लेखी करा. बाकी नसेल तर विनंतीपासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. नाही केलं तर बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. ईमेलमध्ये हा नियम आणि विनंतीची तारीख लिहा. त्याआधी त्या कार्डावरून आपोआप जाणारे विम्याचे हप्ते आणि वर्गण्या दुसरीकडे वळवा, जमलेले पॉइंट वापरून टाका, आणि घरच्यांच्या नावाची जोडकार्डं असतील तर त्यांचाही उल्लेख करा.